पाच वर्षांपलीकडे

“आधी जेव, मग काय ते सांग,” म्हणत विमलवहिनींनी यतिनपुढे ताट सरकवलं.

ट्रुगानिना या ऑस्ट्रेलियन उपनगरातल्या वहिनींच्या शेडमध्ये पोळ्यांचं मशीन धडधडत होतं. मशीन वहिनींचं, त्यावरचं कर्ज यतिन नोकरीला होता त्या कंपनीचं. यंत्रांसाठी कर्ज देणारी ही छोटी फायनान्स कंपनी. तिला पाच वर्षांपलीकडे कर्ज द्यायला परवानगीच नव्हती. वहिनींना फेडायला आठ वर्षं लागणार, हे सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. पण आपल्या माणसांत असं काही अडत नाही. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद खाता खाता यतिन म्हणाला होता, मुदत संपली की उरलेल्या कर्जाचं नवं कर्ज करू. वहिनींनी सहीच्या कागदापेक्षा त्या बोलण्यावर जास्त विश्वास ठेवला. यंदा पाच वर्षं संपली, आणि नेमके नियम कडक झाले. जुनं कर्ज नवं करून मुदत वाढवायची सोय बंद झाली.

यतिन जेवला. लोकांच्या घरचं खाऊन त्यांनाच वाईट बातमी सांगायचा त्याला वीट आला होता. तरी वांग्याची भाजी त्याने दुसऱ्यांदा घेतली, आणि त्याची त्याला लाजही वाटली.

“रिन्यू होत नाहीये, वहिनी. मॅनेजरशी बोललो, त्याच्या बॉसशीपण बोललो. कायदाच तसा आहे म्हणतात.”

“मग बँक?”

“तुमचं वय बघून बँक नाही म्हणते. उरलेले पैसे एकदम भरायचे, नाहीतर मशीन परत.”

“आणि तू तेव्हा म्हणाला होतास ते?”

“म्हणालो होतो,” यतिन म्हणाला.

त्या चिडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं ताट उचललं आणि ताक हवंय का विचारलं.

पैसे काही जमले नाहीत. शुक्रवारी मशीन न्यायला ट्रक आला. कंपनीतर्फे यतिनलाच यावं लागलं.

“रेडी, लव्ह?” ड्रायव्हरने तिथल्या सवयीने विचारलं.

“फाइव्ह मिनिट्स, मेट,” म्हणून वहिनी ओलं फडकं घेऊन खाली बसल्या.

“आता कशाला पुसताय, वहिनी? लिलावातच जाणार ते.”

“कुणीतरी घेईलच ना. पीठ लागलेलं कसं देऊ?”

त्यांनी रोलर पुसले, मशीनचे पाय पुसले, भिंतीकडची बाजूही पुसली. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि ड्रायव्हरला वाट करून दिली.