शेवंतीमावशीचा ओटा

ठाण्याचा जुना मासळीबाजार मला आठवतो तो खालून, ओट्याच्या उंचीवरून. रविवारी आई शेवंतीमावशीशी घासाघीस करायची, आणि मी ओट्याखाली कान्हाशेजारी बसायचे. कान्हा माझ्याच वयाची, मावशीचं एकुलतं लेकरू. वितळलेल्या बर्फाचं पाणी आमच्या मानेवर ठिबकायचं. आम्ही पापलेटांच्या कल्ल्यांचा रंग बघून कोणतं ताजं ते ओळखायचो. आई आणि मावशीचं भांडण ऐकणाऱ्याला वाटलं असतं, या दोघी आता पुन्हा तोंड बघणार नाहीत. पुढच्या रविवारी मावशीने आईसाठी ताज्या बोयी बाजूला काढून ठेवलेल्या असायच्याच.

मावशी राहायची त्या कोलशेतच्या कोळीवाड्यात कान्हाला सगळे मुलगा समजत. ती मात्र स्वतःला मुलगी म्हणे. पाच-सहा वर्षांची असताना तिने मला हे सांगितलं, तेव्हा मला काही नवल वाटलं नाही. त्या वयात मी स्वतःला चिमणी समजत होते आणि तिने ते मान्य केलं होतं. माझी चिमणी वर्षा-दोन वर्षांत उडून गेली. कान्हाचं म्हणणं मोठेपणीही तेच राहिलं. तिचा बाप राघो तिला होडीवर न्यायचा. ती जायची, जाळीही उत्तम दुरुस्त करायची, पण तिला बसायचं होतं ओट्यावर, आईच्या जागी.

आणि तेच होण्यासारखं नव्हतं. ओट्यांच्या त्या रांगेत ओटा सासूकडून सुनेकडे जायचा. पुरुष होडीवर, बायका ओट्यावर. नवी सून पहिल्यांदा बसली की शेजारीण आपल्या ढिगातला एक मासा तिच्यापुढे ठेवायची आणि सुनेने तो सगळ्यांसमोर कापायचा. त्यानंतर तो ओटा तिचा, कोणी हात लावायचा नाही.

१९९१ साली मी प्राणिशास्त्रात एमएस्सी करत होते. त्याच वर्षी मावशीचं मनगट सुजलं ते उतरेचना. तिच्याने कोयता धरवत नव्हता. रिकाम्या पडू लागलेल्या ओट्यावर बाहेरचे विक्रेते डोळा ठेवून होते.

आमचे सर तेव्हा एक चाचणी घेत होते. कागदावर ठोकळ्यांची आकृती दाखवायची आणि ती फिरवल्यावर कशी दिसेल ते ओळखायला सांगायचं. अशा चाचणीत मुलांची सरासरी मुलींपेक्षा जास्त येते. त्यामागे गर्भातल्या हार्मोन्सचा वाटा आहे का, यावर वाद होता. मी कान्हाला विचारलं आणि तिने हौसेने चाचणी दिली. मला वाटलं होतं, तिचे गुण मुलींसारखे येतील. पण तिने आमच्या वर्गातल्या सगळ्या मुलांना मागे टाकलं.

मी हे ओट्यापाशी कौतुकाने सांगितलं आणि मावशी ओट्यावरून पुढे झुकली.

"म्हंजे कागदावर पोऱ्या निघाला ना! आता जमतंय बग. कल्यानचा डाक्टर बोलला, पुरुषाच्या सुया देतो, डोकं ठिकानावर येईल. सोमवारी जातंव. मंग लगीन, मंग सून, मंग माजा ओटा ऱ्हातोय."

कान्हा शेजारी कोलंबी सोलत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले.

"मावशी, ती चाचणी मुलगा कोण नि मुलगी कोण हे सांगतच नाही," मी म्हणाले. "मी स्वतः दिली ना. निम्म्या मुलांपेक्षा मला जास्त पडले. मग मी कोण?"

"अर्धा पोऱ्या!" शेजारच्या ओट्यावरून रंभाकाकी ओरडली. रांग हसली.

"आणि सुई?" मावशी हसली नाही. "तू शिकलीस, नीले. खरं सांग. लागू पडंल का?"

"पुरुषी हार्मोन टोचले तर आवाज आणखी जाड होईल, दाढी वाढेल. मन बदलेल असं मी कुठे वाचलेलं नाही. आपण मुलगा की मुलगी हे आतून वाटणं बहुतेक फार लवकर ठरत असावं. कदाचित आईच्या पोटात मेंदू घडतानाच."

"असावं, कदाचित! हाय का नाय ते सांग."

"अजून कोणालाच नक्की माहीत नाही, मावशी. उंदरांवर प्रयोग झालेत. पण माणूस म्हणजे उंदीर नाही."

"फुकट फी भरली गं तुज्या बापाने," रंभाकाकी म्हणाली.

मावशी सुजलेलं मनगट चोळू लागली. मग हळू आवाजात म्हणाली, "माज्या पोटातच झालं म्हंजे. मी काय खाल्लं गं तवा?"

"तुझं काही चुकलं नाही. यात चुकण्यासारखं काही नाहीच."

"मंग माजा ओटा?"

"सून कशाला पायजे?" कान्हा म्हणाली. "मी हाय ना, आये."

पलीकडच्या ओट्यांवरच्या दोघींनी पाठ फिरवली. मावशीने नकळत रंभाकाकीकडे पाहिलं. मासा ठेवायचा तो शेजारणीनेच.

रंभाकाकी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कोयता तरी येतो का चालवता? का नुसते ठोकळेच फिरवतंस?" असं म्हणत तिने ढिगातली एक चांगली मोठी बोय उचलली आणि कान्हापुढे आपटली. "काप. उद्या हितं कोन परका येऊन बसला तर मना भांडायला चांगली शेजारीन नको?"

कान्हाने कोयता उचलला. खवले, पर, डोकं, मग एकसारखे तुकडे. मावशी ओट्यावर थोडी सरकली आणि कान्हासाठी अर्धी जागा मोकळी झाली.

सोमवारी कल्याणला कोणी गेलं नाही. पाठ फिरवलेल्या त्या दोघींनी पुढे कित्येक वर्षं कान्हाशी अबोला धरला आणि काही गिऱ्हाइकं कायमची तुटली. मीही नोकरीसाठी ठाणं सोडलं. आता पापलेट घेते ते दुकानातून, आणि कल्ल्यांचा रंग बघायची सवय गेलेली नाही.

सत्त्याण्णवच्या दिवाळीत आईबरोबर बाजारात गेले. ओट्यावर कान्हा बसली होती. हिरवी साडी, हातात मावशीचाच कोयता. आई आणि ती भावावरून इतक्या जोरात भांडत होत्या की मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"अगो, चिमनी आली!" ती म्हणाली आणि बाजूला काढून ठेवलेल्या बोयी पुढे सरकवल्या.