सांबारवालीचा दात

पिपरी मेघेच्या चौकात चतुराबाईची हाक ऐकल्याशिवाय संध्याकाळ व्हायचीच नाही. "सांबार घ्या वं, सांबार!" वर्ध्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि बाईच्या तोंडून तो शब्द असा खणखणीत निघे की घाईत चाललेल्या माणसाच्या पिशवीतही एक जुडी जायची.

या हाकेचा बाईला भारी गर्व. दुसरा गर्व दातांचा. जुडी बांधली की सुतळी दातात धरायची आणि कटकन तोडायची. विळा मांडीजवळच असे, पण तो उचलतो कोण? सून अंकिता सांगून थकली. "आई, दात काय कैची हाय का?"

"या दातायनं मी सुपाऱ्या फोडल्या," बाई म्हणायची, "तू सुतळीचं काय सांगतं?"

मंगळवारी दुपारी सुतळी शाबूत राहिली आणि वरचा समोरचा दात तुटून पालकाच्या जुडीत पडला. अंकितानं टॉर्च लावून पाहिलं, तर शेजारच्या दातालाही चीर. सेवाग्रामच्या दवाखान्यात शुक्रवारी जायचं ठरलं. पण बाईचं लक्ष दुसरीकडेच होतं. तिनं हळूच सांबार म्हणून पाहिलं. थांबार! पुन्हा म्हणून पाहिलं. थांबारच!

नवरा भैय्याजी पोट धरून हसला. मग गालातला तंबाखू-सुपारीचा खर्रा सावरत त्यानं फर्मान सोडलं, "दात बसवेपर्यंत तू चौकात जायचं नाई. लोक हासतीन. मी बसतो."

बाईच्या अंगाचा तिळपापड झाला. दात गेल्याचं दुःख नव्हतं एवढं हे ऐकून झालं. तोंड लपवून घरी बसायला तिनं काय चोरी केली होती?

"तुमी? खर्रा कोंबून हाक कोन मारन? आधी थुका, मंग मले अक्कल द्या."

टोपली उचलून ती निघाली.

चौकात मात्र पदर तोंडावर गेला. शेजारी कांदे घेऊन बसलेला चिंधू टक लावून पाहत होता. बाईनं पदर खाली ओढला आणि जोरात हाक दिली, "थांबार घ्या वं, थांबार!"

चिंधू खिदळला. तेवढ्यात एका मास्तरणीनं स्कूटीचा ब्रेक दाबला. "काय झालं बाई? काऊन थांबवलं मले?"

सगळा चौक वळून पाहू लागला. बाईचे कान तापले, डोळ्यांत पाणी आलं. पण आता माघार घेतली तर उद्या इथे भैय्याजी बसेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"थांबवलं मंग!" ती कडाडली. "थांबल्या न? आता घ्या एक जुडी."

मास्तरणीला हसू आवरेना. तिनं दोन घेतल्या. बाईनं पुढची हाक आणखी वरच्या पट्टीत लावली.

अंधार पडता पडता भैय्याजी पाहायला आला. तेव्हा बाई एक सुटलेली जुडी बांधत होती. सुतळी सवयीनं दातांपर्यंत गेली.

"पाह्य, अक्कल आलीच नाई!" तो म्हणाला.

बाईनं सुतळी तोंडातून काढली, विळा उचलला आणि कापली.

"तुमचं आयकून नाई हं. उरलेले दात मले हाक मारायले लागतात. तुमचं तोंड कायले लागते, ते तुमी पाहा."

भैय्याजीला उत्तर द्यायचं होतं, पण त्यासाठी आधी थुंकावं लागलं असतं. तोवर बाईनं पुढची हाक मारलीही होती.