मी पेटी आणि ती लाल बॅग

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे आणि मित्रांनो, मी मत्सरी आहे. आधीच सांगितलेलं बरं.

नवसूने मला जव्हारच्या बाजारातून घेतलं आणि आपली लेक ममता हिच्या आश्रमशाळेत डोक्यावरून पोचवलं. सात वर्षं तिचं सगळं माझ्या पोटात राहिलं: गणवेश, तेलाची बाटली, रुसून लिहिलेल्या चिठ्ठ्या. माझी किल्ली तिच्या गळ्यात असायची. वसतिगृहातल्या सगळ्या पेट्यांत मी स्वतःला थोरली समजायचे.

मग ममताचं रक्त बिघडलं आणि शाळा सोडून ती माझ्यासकट घरी आली. मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भाऊ पंकज याच्या मूळपेशी तिला द्यायच्या. त्यासाठी महिना-दीड महिना बंद खोलीत राहावं लागेल. मला वाटलं, आता माझ्याशिवाय कोण जाणार? पण पंकजने मोखाड्याहून लाल कापडी बॅग आणली. उकळून वाळवलेले कपडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून तिच्यात गेले. कालची आलेली ती माझ्याच झाकणावर बसली! माझा नुसता जळफळाट झाला.

निघायच्या सकाळी आई गोदाने बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात गुपचूप पुरचुंडी सारली. भगताने मंतरलेले तांदूळ आणि गावदेवापुढची चिमूटभर माती. लांब जाणाऱ्याला आमच्याकडे ती देतातच. पंकजने तर डॉक्टरीणबाईंचा कागद आठवडाभर वाचून दाखवला होता: माती नको, धान्य नको, बुरशीचा एक कणही ममताच्या जिवावर उठेल. मी मनात हसले. दवाखान्यात पुरचुंडी सापडली की बॅगेची चांगली फजिती होईल.

पण सापडलीच नाही तर? माझा पत्रा गार पडला.

पंकजने बॅग उचलली. माझा गंजलेला कोपरा तिच्या कप्प्यात अडकला, की मीच तो अडकवला, कोण जाणे. कापड टर्रकन फाटलं. माती, तांदूळ भुईवर सांडले.

"आये, हे काय? किती येळा वाचून दाखवलं तुला!" पंकज ओरडला.

"पोरगी एकली जाते. तिचेसंगं देव नको?" गोदा रडू लागली.

ममता लांबूनच म्हणाली, "आये, देव पेटीत ठेव. तो घर राखेल. मी आले का पाया पडेन."

गोदाने माती-तांदूळ वेचून माझ्या पोटात ठेवले. पंकजने कप्पा कापून टाकला, बॅग औषधाने पुसली आणि सगळे जीपने गेले.

बंद खोलीनंतरही तिला तपासण्यांसाठी दवाखान्याजवळच राहावं लागलं. पाच महिन्यांनी ममता परतली. तोंडाला फडकं, डोक्यावर नवी लव. बॅग तिने ओटीवरच ठेवायला लावली. म्हणे, बॅगेला औषधांचा वास येतो. मला कोण आनंद झाला! पण ती माझ्याजवळही आली नाही. आत माती, धूळ, गंज, म्हणून अजून वर्षभर पेटी उघडायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मी पुन्हा फुगून बसले.

तेवढ्यात तिने गळ्यातला दोरा बाहेर काढला. त्याला माझी किल्ली होती. नर्सबाईंनी ती उकळून दिली होती आणि त्या बंद खोलीत ती ममताच्या उशाशी डबीत असायची.

मित्रांनो, आमचा गंज अधूनमधून पुसत जा. आजारी माणसाजवळ मात्र आम्हाला नेऊ नका. आम्ही थांबू.