सलूनच्या खुर्चीने केलेलं बाळंतपण

"तिला दूधच नाही म्हणे. शुक्रवारपासून डबा सुरू करणार आहेत, आणि बाळाला तर..."

एवढं बोलून पोस्टमन गप्प झाला. त्याला गप्प व्हावंच लागलं, कारण वस्तरा वरच्या ओठावर आला होता. दाढी झाली, तोंड पुसलं आणि गडी गोष्ट विसरून पायऱ्या उतरून गेला. बाळाला तर काय, ते राहूनच गेलं.

हे सगळं मी पडद्याच्या अलीकडून ऐकलं. मी त्याच सलूनची जुनी खुर्ची. आणि जिच्याबद्दल हे चाललं होतं ती मालकीणबाई तेव्हा माझ्यावरच बसली होती, दहा दिवसांच्या लेकीला छातीशी धरून. पडदा किती पातळ आहे हे बाहेरच्यांच्या कधी ध्यानातच येत नाही.

तसा मला बातम्यांना तोटा नाही, पण सगळ्या अशाच अर्ध्या. गिऱ्हाईक उठलं की गोष्ट तुटते. कुणाचं लग्न जमता जमता राहिलंय, कुणाचा भांडून गेलेला भाऊ घरी परततोय तो अजून वाटेतच आहे. माझ्या पोटात असे कितीतरी लोक अर्ध्या वाटेवर उभे आहेत. म्हणून निदान ही एक गोष्ट तरी मी शेवटपर्यंत सांगणार.

माझा जन्म लोखंडाच्या कारखान्यातला. बिडाचा जड पाय, त्यावर गोल फिरणारी बैठक, लालसर रेक्झिनची गादी, मान टेकायला वरखाली होणारी उशी. उजव्या अंगाला एक दांडा, तो ओढला की मी सावकाश मागे कलते. भल्या भल्या कडक माणसांना मी असं कलवलंय. मागे कलली की ती लहान मुलासारखी गळा उघडा टाकून घोरायला लागायची.

आत्ताच्या मालकाच्या मामाने मला विकत घेतलं. मामाचे हात थरथरायला लागले तसं दुकान भाच्याकडे आलं. भाच्याने एक भागीदार घेतला, दोन चकचकीत नव्या खुर्च्या घेतल्या आणि मला ढकलत पडद्यामागच्या खोलीत आणलं. तिथेच त्याचा संसार. माझ्यावर धुतलेल्या टॉवेलांची चळत बसली. दोन वर्षं कुणी टेकलंसुद्धा नाही. मी आपली टॉवेलांच्या उबेत पेंगत असायची.

मग एका सकाळी टॉवेल उचलले गेले. मालकीणबाई दवाखान्यातून आली होती आणि पलंगावर बसलं की तिची पाठ भरून यायची. ती माझ्यावर बसली, हळूच, एका बाजूवर भार देऊन. टाके अजून ओले होते. आणि तिच्या हातात एवढुसं काहीतरी होतं, मिटल्या मुठींचं.

त्या दिवसापासून आमच्या खोलीतून घड्याळ जणू उठूनच गेलं. पोर प्यायची, पिता पिता झोपायची, खाली ठेवली की झोपेतच ओठ हलवायची. की पुन्हा छातीशी. सकाळ कधी दुपारीत विरघळायची ते कळायचं नाही. पडद्यातून येणारा उजेड आधी पांढरा, मग पिवळा, मग मधासारखा घट्ट. पलीकडून कात्रीची टिकटिक यायची, तीही लांबच्या पाखरांसारखी. दिवसाकाठी दहा-बारा वेळा तर सहज पाजणं व्हायचं. आणि संध्याकाळी दुकानात गर्दी झाली की आतही गर्दी. तीन तास पोर छाती सोडायची नाही. मालकीणबाईचा चहा तिच्यासमोर थंड व्हायचा, वर साय धरायची, आणि ती त्या सायीकडे बघत कुठेतरी दूर तरंगत राहायची.

मालक मनाने सोन्यासारखा, पण त्याचं सगळं गणित दुकानातलं. केस कापले की माणूस महिन्याने यायला हवा. अर्ध्या तासात परत आला तर समजायचं, काम बिघडलंय. तोच हिशेब त्याने लेकीला लावला. आत्ता तर पाजलं, मग परत कशी मागते? म्हणजे पोट भरलं नाही. म्हणजे दूध नाही. त्याने ही काळजी भागीदाराला सांगितली, भागीदाराच्या तोंडून ती गिऱ्हाइकांत गेली, आणि तिथून फिरून पडद्यापाशी आली.

त्याने ठरवूनच टाकलं होतं. शुक्रवारी नर्सबाई वजन करायला येणार. जन्माचं वजन भरून निघालं नसेल तर अंगावरचं बंद, पावडरच्या डब्याचं सुरू. बायकोचे हाल त्याला बघवत नव्हते, हेही खरं. बोंडांना चिरा पडल्या होत्या. पोरीने तोंड लावलं की मालकीणबाई माझा हात आवळून धरायची आणि पायाची बोटं वळायची. पण तिला बंद करायचं नव्हतं. ते तिने कुणाला मोठ्याने सांगितलं नाही. लेक चुकूनमाकून नीट प्यायली, दुखलं नाही, की तिच्या अंगातून जी शांतता खाली उतरायची, ती मला माझ्या बिडाच्या पायापर्यंत कळायची.

पोस्टमनचं बोलणं ऐकून ती रडली नाही. फक्त पोरीला आणखी जवळ घेतलं आणि तिच्यावर आणखी वाकली.

शुक्रवारी नर्सबाई आल्या. झोळीचा काटा दाराच्या कडीला अडकवला, पोरीला झोळीत ठेवलं. जन्माला तीन किलो होती, आज दोन किलो नऊशे तीस. मालकाने डबा आणून फळीवर ठेवलाच होता, त्याची नजर तिकडे गेली.

नर्सबाईंनी घाई केली नाही. लंगोट दिवसातून किती ओले होतात, शीचा रंग कसा, जागी असली की टकमक बघते का, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "दूध आहे. ते तिच्या तोंडात नीट जात नाही एवढंच. पाज बरं, मला बघू दे."

मालकीणबाई बसली आणि सवयीने पुढे वाकली, खांदे कानाला लागलेले. नर्सबाईंची नजर माझ्या दांड्यावर गेली.

"हा चालतो का?"

"चालतो की," मालक म्हणाला आणि त्याने ओढला. दोन वर्षांचा गंज किरकिरला. मला लाजच वाटली. पण मी कलले.

पुढचं मालकाच्या हातांनी आपोआप केलं. मानेखाली उशी सरकवली, टॉवेलाची गुंडाळी करून कंबरेशी दिली, दुसरा टॉवेल गरम पाण्यात पिळून तिच्या खांद्यांवर टाकला. हजारो परक्यांसाठी केलं होतं, बायकोसाठी पहिल्यांदाच. नर्सबाईंनी पोरीला तिच्या छातीवर पालथं ठेवलं, पोटाला पोट. पोरीने दोन-तीनदा डोकं वर करून आपटलं, हुंगलं, आणि मग भलामोठा आ करून स्वतःच तोंड लावलं. मालकीणबाईने श्वास रोखला. दुखलं नाही. तिच्या पायाची बोटं सुटली. पान्हा आला आणि त्या गप्प खोलीत घुटुक घुटुक आवाज ऐकू यायला लागला.

नर्सबाईंनी सांगितलं, हिचं पोट एवढंसं, लवकर भरतं, लवकर रिकामं होतं. ती पुन्हा पुन्हा मागणारच. आणि जेवढं पिईल तेवढं बनेल. मालकाला काही ते पटेना. इतक्या वेळा काढलं तर संपणार नाही का, म्हणाला.

मागे रेललेली मालकीणबाई डोळे मिटूनच बोलली, "अहो, मिसरूड फुटलेल्या पोरांना तुम्ही आयुष्यभर सांगत आलात, वस्तरा फिरवत राहा, दाढी दाट येते. ते खोटं. आणि हे खरं आहे तर तुमचा विश्वास नाही."

पडद्यापलीकडे भागीदार फस्सकन हसला. मालक कानापर्यंत लाल झाला, आणि मग तोही हसला.

तरी नर्सबाईंनी डबा उघडायला लावलाच. मंगळवारपर्यंत रोज संध्याकाळी एकदा, अंगावर पाजून झाल्यावर, वाटी-चमच्याने थोडंसं. मालकीणबाईचा चेहरा पडला तेव्हा तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "अगं, चार दिवसांचा आधार आहे. मग सोडायचाय." पाजताना झोप आली तर पोरीला पाळण्यात द्यायची, हेही त्यांनी मालकाला बजावलं. मंगळवारी काट्यावर तीन किलो साठ ग्रॅम भरले. डबा बंद झाला.

आता पोर दोन महिन्यांची होत आली. दुपारी मधे मधे एवढी सलग झोपते की मला करमत नाही. संध्याकाळची गर्दी मात्र अजून आहे. दोन गिऱ्हाइकांच्या मधे मालक आत डोकावतो, पाण्याचा पेला भरून तिच्या हाताशी ठेवतो, तिचे डोळे मिटायला लागले की पोरीला अलगद उचलून नेतो. परत का मागते, असं विचारत नाही.

तुमच्याही ओळखीत कुणी नवी आई अशी बसून असेल. तुमच्याकडे एकच मागणं आहे माझं. 'पुरतं का गं दूध' म्हणून दारात उभे राहू नका. आत जा, मागे टेकायला काहीतरी द्या, थंड झालेला चहा गरम करून आणा. चिंता असेल तर नर्सबाईंना बोलवा. बाकी तिला बसू द्या. हे दिवस बसून राहण्याचेच असतात.

राहता राहिली ती बातमी. शुक्रवारपासून डबा सुरू झाला, एवढं खरं. पण दूधच नाही म्हणणाऱ्याने एकदा येऊन माझी गादी हुंगावी. रेक्झिन रोज पुसतात, पण शिवणीत मुरलेला वास काही जात नाही.