कडेवरचं नाव

गुलाबचंद सराफांनी बिल्ला कसोटीच्या दगडावर घासला, थेंबभर तेजाब सोडलं आणि मान हलवली. चांदी नव्हती. तेवढ्यावर ते थांबले असते तर सरिताला काही वाटलं नसतं, कारण त्या तांबूस बिल्ल्याला घरात कुणी कधी चांदीचा म्हटलंच नव्हतं. पण सराफांनी कपाटातून तसाच एक बिल्ला काढून शेजारी ठेवला. तोच राजा, तोच घोडेस्वार, तीच सालं, फक्त पांढराशुभ्र. पहिल्या महायुद्धाचे हे बिल्ले सरकारनं चांदीत पाडले होते, हा तुमचा कुणीतरी हौसेनं पितळेत ओतून घेतलेला दिसतो, असं ते म्हणाले. बोलण्यात कुचकेपणा अजिबात नव्हता. चहासुद्धा पाजला त्यांनी. त्यामुळे ते जास्तच खरं वाटलं.

बिल्ला रुमालात गुंडाळून सरिता हिंगोलीच्या स्टँडवर आली. सेनगाव तालुक्यातलं साखरा हे तिचं गाव आणि जवळच्याच उपकेंद्रात ती नर्स होती. घरात ती आणि तिची रुक्माआत्या, दोघीच. हा बिल्ला आत्याच्या बापाचा, म्हणजे सरिताच्या आज्याचा, सटवाजीचा. आजा गोऱ्यांच्या लढाईत इराकातल्या बसऱ्याला जाऊन आला होता, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. सव्वीस जानेवारीला शाळेपुढं एक दगड उभा राहायचा होता आणि त्यावर गावातून फौजेत गेलेल्यांची नावं कोरायची होती. सगळ्यात जुनं नाव सटवाजीचं. ग्रामपंचायतीच्या देविदासनं मात्र सुचवलं होतं, की उद्या कुणी बोट दाखवायला नको, बिल्ला एकदा जाणकाराला दाखवून आणा.

घरी आल्यावर सरितानं काहीच सांगितलं नाही. बिल्ला बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखालच्या फळीवर जागच्या जागी ठेवला आणि चुलीकडे वळली. पण आत्या ऐंशी पार केलेली, माणसाच्या पाठीवरूनसुद्धा तिला मन कळायचं. जेवताना तिनं विचारलंच, आणि सरिताला खोटं बोलता आलं नाही.

आत्या भाकरी कुस्करत राहिली. मग म्हणाली, "सरे, बिल्ला खोटा असंल तर असू दे, त्याचं काय खायचं हाय. पर माजा बा खोटं बोलला असं होऊन राहिलं, ते मला सोसायचं न्हाई."

त्यानंतर आत्या दोन घास कमीच जेवायला लागली. ओसरीवर येऊन बसायची ती बसेना. फळीवरचा बिल्ला दिसू नये म्हणून की काय, खोलीत पाठमोरी होऊन तांदूळ निवडायची. सरिताला वाटलं, कशाला आपण त्या दगडाच्या नादी लागलो.

उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी तिनं हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांना कनेरगाव नाक्याचे विश्वंभर सुभेदार माहीत होते. फौजेतून निवृत्त होऊन आलेले, शेती करणारे आणि जुन्या लढायांची पदकं जमवणारे. सराफ धातू पाहतो, हा माणूस पदक पाहतो, एकदा जाऊन या, असं डॉक्टरीणबाईंनी सुचवलं. रविवारी सरिता निघाली तर आत्या आधीच लुगडं बदलून दारात उभी. म्हणाली, जे काय असंल ते माज्या कानानं ऐकीन.

सुभेदारांचं घर वाशिम रस्त्याला लागून, मागं तुरीचं रान. त्यांनी आत्याला उन्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि बिल्ला हातात घेताच त्यांचा चेहरा बदलला. भिंगानं राजाची दाढी पाहिली, घोड्याच्या पायाखालची ढाल पाहिली. मापपट्टीच्या चिमट्यात धरून रुंदी मोजली. आपल्याकडचा चांदीचा बिल्ला आणून तोही मोजला. मग दोन्ही सरिताच्या तळहातावर ठेवले आणि एकेक गोष्ट दाखवू लागले.

साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडा मऊ असतात, साबणाची वडी वापरून झिजावी तशा. अंगावर बारीक छिद्रं राहतात. ओतीव धातू निवताना आकसतो, म्हणून नक्कल असलीपेक्षा किंचित लहान भरते. इथं तसं काही नव्हतं. दाढीचा केस न् केस उठून दिसत होता आणि माप बराबर जुळत होतं. राहिला धातू. तर लढणाऱ्या शिपायाला चांदीचा बिल्ला मिळाला आणि त्या शिपायाचं ओझं वाहणाऱ्या हमालाला, मजुराला ब्राँझचा. सराफांच्या पाहण्यात ब्राँझचा आला नसेल, त्यात त्यांचा दोष नाही, कारण तो फारच कमी ठिकाणी उरला आहे.

"आत्याबाई, बिल्ला अस्सल हाय," सुभेदार म्हणाले. "माज्यापाशी इतके हायेत, पर असा एकबी न्हाई."

आत्यानं हात जोडले. डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. सरिताच्याही छातीवरचं ओझं उतरलं. सुभेदार हसले आणि म्हणाले, आता कडेवरचं नावही वाचू. त्या बिल्ल्यांच्या कडेवर माणसाचं नाव ठोकलेलं असे. या कडेत शंभर वर्षांचा मळ बसला होता. त्यांनी बाभळीच्या काट्यानं तो हळूच मोकळा केला, बिल्ला गोल फिरवत एकेक इंग्रजी अक्षर वाचलं आणि थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

तिथं सटवाजी नव्हतं. आधी नंबर, मग कुली, मग मुंजाजी, मग हमालांच्या पलटणीचं नाव.

नवं नाव ठोकायला जुनं कानशीनं घासून काढतात काही जण, पण मग रुंदी घटते आणि ही तर घटलेली नव्हती. नाव पहिल्यापासून मुंजाजीचंच होतं. सुभेदारांना ते सांगणं जड जात होतं हे सरिताला दिसलं. त्या काळी बाजारात बिल्ले विकले जायचे, कुणीही घ्यायचं, त्यात वाईट काही नाही, असं ते जपून म्हणाले. खोटेपणाचा डाग पुसायला आलो आणि चोरीचा लावून घेतला, असं सरिताला झालं. तिनं भीतभीतच आत्याकडे पाहिलं.

आत्या मात्र हसत होती, पदर तोंडाला लावून.

"मुंजाजीकाका," ती म्हणाली. "माज्या बाला पाठीवर घेऊन आलेला."

मग तिनं सांगितलं ते असं. मुंजाजी कळमनुरीकडचा, वारंगा फाट्याच्या आतल्या गावचा, मराठ्याच्या घरातला. वाशिमच्या बाजारात भरती चालली होती तेव्हा तो आणि सटवाजी एकाच दिवशी रांगेत लागले आणि एकाच जहाजातून बसऱ्याला उतरले. तिथं उन्हाळ्यात सटवाजीला असा ताप भरला, की मुकादमानं त्याला वाळूतच टाकून पुढं चला म्हणून सांगितलं. मुंजाजीनं आपलं ओझं खाली टाकलं आणि सटवाजीला पाठीवर घेतलं. नदीवर दवाखान्याची बोट होती तिथवर त्यानं त्याला नेलं आणि टाकलेल्या ओझ्यापायी पाठीवर फटके खाल्ले. आत्याच्या लहानपणी काका दर सालाला साखऱ्याला यायचा. महारवाड्यात येऊन त्यांच्या घरची भाकरी खायचा. गावात कुजबुज व्हायची, पण त्यानं ती कधी मनावर घेतली नाही.

"बा बिल्ला दाखवून म्हणायचा, याचं नाव घरात ऱ्हाऊ द्या," आत्या म्हणाली. "मला वाटायचं, लढाईचं नाव म्हणून राहिला. वाचता कुणाला येत होतं तवा."

सुभेदारांनी बिल्ला पुसून आत्याच्या तळहातावर ठेवला. नंतर म्हणाले, आजोबांचा स्वतःचा बिल्ला कुठंतरी असणारच, आणि कुठं असेल ते मला वाटतं तुम्हाला आता कळलं आहे.

पुढच्या सुट्टीला सरितानं वारंगा फाट्याकडच्या एका ओळखीच्या आशाताईला फोन करून ठावठिकाणा काढला. मुंजाजीचा नातू संतराम त्याच गावात शेती करत होता. दोघी निघाल्या, पण वाटेत एसटीत सरिताच्या मनात शंका येत होत्या. शंभर वर्षांनी कोण कुणाला ओळखतं? बिल्ला आमचा आहे म्हणून दारात आलेल्या बायांना ते काय म्हणतील? आत्यानं त्यांना द्यायला घरच्या तिळाचे लाडू घेतले होते आणि डबा मांडीवर घट्ट धरून बसली होती.

संतराम पन्नाशीचा, बोलायला मोकळा. आधी तो गोंधळला, पण आतून त्याची आई पार्वतीबाई बाहेर आली. तिनं साखऱ्याचं नाव ऐकलं आणि आत्याचा चेहरा जवळ येऊन निरखला.

"सटवाजीबुवांची लेक का तुमी?" तिनं विचारलं. "तेच नाक हाय."

पार्वतीबाई मुंजाजीची सून. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा दोघंही म्हातारे होते. सटवाजी भेटायला आला की घरातली माणसं त्याला बाहेर लिंबाखाली बसवायची. ती नवी सून, तिला काही बोलायची सोय नव्हती. पण तिचे मामंजी आपलं वाढलेलं ताट उचलून बाहेर जायचे आणि त्याच्या शेजारी मातीत बसून जेवायचे. सासूबाईंनी कितीदा डोळे वटारले, पण तो आला असताना मामंजींनी एकदाही घरात बसून खाल्लं नाही. पार्वतीबाईनं अंगणातल्या लिंबाकडे बोट केलं. म्हणाली, तवाच आत बोलवायचं होतं बाई, आमाला कुणालाच कळलं न्हाई.

बिल्ल्याचं विचारलं तेव्हा तिनं दोघींना सरळ देवघरात नेलं. आत्या उंबऱ्याशी थबकली. पार्वतीबाईनं तिचा हात धरला आणि आत ओढून घेतलं.

खंडोबाच्या टाकाशेजारी एक गोल चकती होती. दर दसऱ्याला लावलेल्या हळदी-कुंकवाचे थर चढून तिचं सोनं झालं होतं की माती, ते ओळखू येत नव्हतं. मामंजी म्हणायचे, हे माझं नव्हे, माझ्या भावाचं आहे, याला देवात ठेवा. त्यांना सख्खा भाऊ नव्हता. घरच्यांना वाटलं, म्हातारपणी बोलतात काहीतरी.

संतरामनं वाटीत पाणी आणलं. सरितानं ओल्या फडक्यानं कड पुसायला घेतली. लाल पाणी बोटांवरून ओघळू लागलं. तांबूस धातू वर आला, तोच रंग, तीच जाडी. सुभेदारांनी बरोबर दिलेलं भिंग तिनं त्यांनी शिकवलं होतं तसं धरलं. आधी नंबर आला. मग कुली. मग सटवाजी.

तिनं ते मोठ्यानं वाचलं. आत्यानं पुन्हा वाचायला लावलं. मग हात पुढं करून ती अक्षरं अंगठ्यानं चाचपली. वाचता येत नव्हतं, तरी ती कितीतरी वेळ चाचपत राहिली. एका मराठ्याच्या देवघरात तिच्या बापाच्या नावाला आजवर कुंकू लागत आलं होतं, दिवा लागत आला होता, आणि घरातल्या एकालाही ते माहीत नव्हतं.

संतराम रडत होता. आपला आजा एवढा होता हे त्याला आज कळलं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. तुमचा बिल्ला तुम्ही घेऊन जा, असं म्हणून त्यानं तो आत्यापुढं धरला. आत्यानं त्याची मूठ मिटवली.

"दोघा गड्यांनी ठरवून केलं हाय," ती म्हणाली. "आपण काहून मोडायचं? तुमच्या आज्याचं नाव आमच्या घरी हाय, बुद्धाजवळ. माज्या बाचं इथं ऱ्हाऊ द्या."

पार्वतीबाईनं चकती पुसून परत टाकाशेजारी ठेवली. सरितानं कडेचा फोटो काढून देविदासला आणि सुभेदारांना पाठवला. देविदासचं उत्तर लगेच आलं: सटवाजीचं नाव सगळ्यात वर कोरायला सांगितलं आहे, आणि मुंजाजीच्या घरच्यांना सव्वीस जानेवारीचं निमंत्रण द्यायला तो स्वतः येणार आहे. सुभेदारांनी नुसते जोडलेले हात पाठवले.

जेवणं घरात झाली, चुलीपुढं. पार्वतीबाई आणि आत्या एका ताटात जेवल्या. सरिताला दुसऱ्या दिवशी ड्युटी होती, पण पार्वतीबाई आत्याला सोडायला तयार नव्हती. आत्यानंही फार आढेवेढे घेतले नाहीत. संतरामनं सरिताला मोटारसायकलवरून फाट्यावर सोडलं आणि हळदीचं एक गाठोडं हातात दिलं.

एसटीची वाट बघत ती फाट्यावर उभी राहिली. मालट्रका जात होत्या, चहाच्या टपरीवर गर्दी होती. तिच्या मनात सारखी ती वाळू येत होती. त्या दिवशी एका माणसानं पाठीवरचं ओझं खाली टाकलं नसतं, तर आत्या नसती, सरिताचा बाप नसता, सरिता नसती. उपकेंद्रात तिच्या हातावर जन्मलेली लेकरं दुसऱ्या कुणाच्या हातावर जन्मली असती. न पाहिलेल्या त्या माणसाला तिनं तिथंच, टपरीच्या धुरात, मनातल्या मनात हात जोडले. मग गाडी आली.

मंगळवारी आत्याचा फोन आला, संतरामच्या मोबाइलवरून. सरितानं विचारलं, उद्या न्यायला येऊ का? मागं भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता. आत्या म्हणाली, उद्या नको, रविवारी ये, आमचं बोलणं अजून पार्वतीबाईच्या लग्नापर्यंतच येऊन राहिलं हाय.