पिस्तुल, एक अदद

चंद्रभागाबाईंचा बेत साधा होता. बीडच्या तहसील कचेरीत नवऱ्याचं पिस्तुल जमा करायचं, पावती घ्यायची आणि ऊन चढायच्या आत गाडी परत जुंपायची.

नवरा धर्मराज, अंबाजोगाईच्या रिसाल्यात जमादार होता. मोठ्या लढाईवरून परत येताना त्यानं ते पिस्तुल आणलं आणि रीतसर परवाना काढला. चैत्रात तो वारला. परवाना माणसाबरोबर संपतो, तेव्हा हत्यार महिन्याच्या आत कचेरीत आणून द्यावं, असं फर्मान पाटलाकडं आलं. म्हणून बाई धाकट्या दिराला, सिदूला घेऊन आठ कोस आल्या होत्या.

पेशकार राधाकिशन हा नव्यानंच कामावर लागलेला गडी. त्यानं कागद वाचला, पिस्तुल उचललं, नळीत एक डोळा घातला आणि तोंड वाकडं केलं.

"साफ नाही. मैलं हत्यार सरकार जमा करून घेत नाही."

"साफच हाय, सायेब. ते गेले त्याच्या आदल्या इतवारीच पुसलंय."

पण पोलीस लाईनीत एकदा कुणी पिस्तुल खोलताना राधाकिशननं पाहिलं होतं, आणि तेवढ्यावर त्याचे हात शिवशिवत होते. त्यानं मेजावर फडकं अंथरलं. खोलायला त्याला चिलीम ओढण्याइतकाही वेळ लागला नाही. नळी, कमानी, खिळे, मुठीची पानं, सगळं फडक्यावर मांडून त्यानं तेलाचा बोळा फिरवला आणि मग जोडायला घेतलं.

पहिल्या वेळी जोडून झालं आणि एक खिळा हातात उरला. दुसऱ्या वेळी कमान उडाली ती थेट कपाटाखाली, आणि उत्तरेश्वर शिपाई पालथा पडून हातानं जाळी-जळमटं काढत बसला. तिसऱ्या वेळी सगळं बसलं, पण मुठीच्या पाठीमागचं लोखंडी पान खालून वर सरकेना. दोन बोटं बाहेर राहिलं ते राहिलंच. राधाकिशननं ते तळहातानं दाबलं, मेजाच्या कडेला टेकवून, शिव्या पुटपुटत रेटलं. पान ढिम्म हललं नाही.

दुपार झाली. बाहेर सिदू दोनदा दारात डोकावून गेला.

"असू द्या तसंच," बाई म्हणाल्या. "तुमी ठिवून घ्या. मला पावती द्या."

"कशाची पावती देऊ? कागदावर लिहिलंय, पिस्तुल, एक अदद, म्हणजे सबंध एक नग. हे एक अदद दिसतंय तुम्हाला?"

"मी आणलं तवा एकच हुतं."

"तुकडे जमा करून घेता येत नाहीत, बाई. घरी न्या, जोडून आणा."

"बरं." तुकडे बांधून घ्यायला बाईंनी पदर पसरला.

"थांबा! बिनपरवाना हत्यार घेऊन कचेरीबाहेर पाऊल टाकलं तर गुन्हा होतो."

"आवो, मग हे तुकडे हायत का हत्यार हाय, ते तरी एकदा ठरवा की!"

राधाकिशननं घाम पुसला. पोलीस लाईनीतला मिस्त्री नवस फेडायला नारायणगडाला गेला होता, परवा येणार होता. तोवर काय करायचं, हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नव्हतं. एवढ्यात उत्तरेश्वर कुठून तरी हातोडी घेऊन आला.

"एक ठोका द्या, साहेब. जातंय कुठं!"

"खबरदार!" बाई अशा ओरडल्या की शेजारच्या खोलीतला कारकून उठून आला. त्यांनी फडकंच आपल्याकडं ओढलं.

"बाईमाणसानं हत्याराला हात…" राधाकिशन म्हणू लागला.

"सात वर्सं याच्या तेलकट चिंध्या मीच धुतल्यात. सरका तिकडं."

सरकले खरे सगळे, पण बाईंच्या हातूनही पान बसेना. एकदा नाही, दोनदा नाही. आता त्यांना नवऱ्याचाच संताप आला. सात वर्षं दर इतवारी समोर बसवलं, हातावर एकेक तुकडा धरायला लावला. मागितला की द्यायचा, एवढंच बायकोचं काम. कसं जोडायचं ते मात्र एकदाही सांगितलं नाही. वर जाऊन बसला निवांत, आणि इथं आपण चार परक्या पुरुषांपुढं घामाघूम.

दर इतवारी एकाच गोष्टीवरून त्यांची चिडचिड व्हायची. जोडताना शेवटी तो नळीचं तोंड आढ्याकडं करायचा आणि तेलाचा थेंब पुसलेल्या पाटावर पडायचा. "वर कावून धरता वो?" त्या विचारायच्या, आणि तो म्हणायचा, "तवाच तर काडी मागं पडती."

काडी! पिस्तुलाच्या घोड्याच्या बुडाशी एक बारकी लोखंडी काडी लोंबत होती. पिस्तुल आडवं धरलं की ती पुढं येऊन पानाच्या वाटेत अडकायची. बाईंनी नळी छताकडं केली. काडी आपसूक मागं पडून पानातल्या कमानीच्या डोक्यावर टेकली. खालून अंगठ्यानं रेटा दिला, पान सर्रकन वर गेलं. खिळा घातला. घोडा ओढून चाप दाबला.

खट्.

हा आवाज आला की तो भाकरी वाढायला सांगायचा. बाईंचा हात तसाच मुठीवर राहिला.

"वाह!" राधाकिशननं हात पुढं केला. "द्या, पावती करतो."

"न्हाई. आता तुमी खोला."

"कशाला?"

"उद्या तुमच्या मालखान्यात कुणीतरी पुसायला खोलंल, बसलं न्हाई की हातोडी काढंल. खोला म्हणते ना."

त्यानं खोललं. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा पुन्हा चुकला. "आभाळाकडं, सायेब, आभाळाकडं! भुईकडं कावून?" बाई कपाळावर हात मारत होत्या. तिसऱ्यांदा पान बसलं, तेव्हा त्यांनी आणखी एकदा खोलायला लावलं. मग पावती घेतली, उजेडात धरून शिक्का पाहिला आणि बाहेर पडल्या.

"वैनी, किती येळ हा! बैलं उन्हात तापली," सिदू करवादला.

"हाक गाडी. माझं डोकं उठलंय."

बिंदुसरेवर बैलांना पाणी दाखवायला गाडी थांबली. बाई उतरल्या, वाळूनं तेलकट हात घासले, आणि मग कितीतरी वेळ तशाच काठावर बसून राहिल्या. सिदूनं घाई केली नाही.