विषय क्रमांक सहा

पतपेढीने गावासाठी काय केलं हे कुणाला विचारत बसायची गरज नव्हती. ते गावभर लिहिलेलं होतं, आणि लिहिणारा होता पेंटर. बसथांब्यावरचे बाक, बागेतल्या कचरापेट्या, शाळेतली पाण्याची टाकी, स्मशानातली शेड, जिथे जिथे पतपेढीचा पैसा लागला तिथे तिथे 'सौजन्य : आपली पतपेढी' ही अक्षरं गेली बावीस वर्षं त्याच्याच हातून उतरली होती. दवाखान्याला दिलेल्या स्ट्रेचरवर तर दोन्ही टोकांना लिहायला लावलं होतं. उचलणाऱ्या दोघांनाही उपकार कुणाचे ते कळायला हवं ना.

बाकांची गोष्ट म्हणजे नाकापेक्षा मोती जड. बाक तिघांचा आणि पाठीवर नावं बारा जणांची. सगळ्यात वर अध्यक्षसाहेब, त्यांच्याखाली अकरा संचालक, आणि तळाला 'जनहितार्थ'. एकदा रंग ओला असताना एक रिटायर्ड पोस्टमन टेकून बसला, तर घरी जाईपर्यंत त्याच्या पांढऱ्या शर्टावर अख्खं संचालक मंडळ उलटं छापलेलं होतं. पतपेढीने त्याला नवा शर्ट दिला नाही. शर्ट 'समाजसहाय्य' या सदरात बसत नाही म्हणाले.

या समाजसहाय्याचा पैसा कुठून यायचा, तर सभासदांच्याच लाभांशातून. दर वर्षी निम्मा कापून निधीत जायचा आणि मग त्यातून सभासदांवर उपकार व्हायचे. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. पण बोलणार कोण? कपात सभासदांनी स्वतःच मंजूर केलेली. वार्षिक सभेत अध्यक्ष एकेक विषय वाचायचे, जरा थांबायचे, आणि थांबले की सभागृह एका आवाजात 'मंजूर' म्हणायचं. विषय काय होता हे कुणी ऐकत नसे. सभा संपली की दाराशी प्रत्येकाला स्टीलचा डबा मिळायचा, आणि सगळ्यांचं लक्ष त्या डब्याकडे. पेंटरही बावीस वर्षं तसाच 'मंजूर' म्हणत आला होता. त्याच्या घरी बावीस डबे होते. त्यांत भरायला काही असायचं असं नाही.

तर दोन वर्षांपासून पेंटरला धुरकट दिसायला लागलं. आधी त्याला वाटलं, रंगच हल्ली पातळ येतात. मग वाटलं, बल्ब मंद झालेत. एका दुपारी त्याने निळ्याऐवजी हिरव्याने अर्धी पाटी लिहिली, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, निळा रंग संपला का तुमचे डोळे गेले? काहीतरी एक सांगा." त्या दिवसापासून तीच पाटीवर खडूने रेघा मारून द्यायची आणि शेजारी बसून "खाली, जरा खाली, आता थांबा" असं सांगायची. अक्षरं हाताला पाठ होती म्हणून निभावत होतं. पण आपला धंदा बायकोच्या खडूवर उभा आहे हे गावात कळलं तर दुसऱ्या दिवशी एक पाटी मिळायची नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

अशात पतपेढीने मोफत नेत्रतपासणी शिबिर भरवलं. शिबिराचा फलक पेंटरनेच रंगवला, बायकोच्या मदतीने. मग तोही रांगेत उभा राहिला. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत बॅटरी मारली आणि सांगितलं, "काका, दोन्हीकडे मोतीबिंदू पिकलाय. सहा महिन्यांत काढून टाका, नाहीतर कठीण होईल. ऑपरेशन साधं आहे, झालं की पहिल्यासारखं दिसेल." शिबिर तपासणीचं होतं, ऑपरेशनचं नव्हतं. पेंटरच्या हातात एक गुलाबी कार्ड आलं, एक प्रत पतपेढीच्या फायलीत गेली आणि एक फोटो अहवालात.

सरकारी दवाखान्यात नंबर लागायला दीड वर्ष. खासगीत दोन्ही डोळ्यांचे चाळीस हजार. पेंटरने कर्जाचा अर्ज केला. दोन जामीनदार उभे केले, एक न्हावी आणि एक रद्दीवाला, दोघेही जुने सभासद. बावीस वर्षांत त्याने एकही हप्ता चुकवला नव्हता.

पंधरा दिवसांनी मॅनेजरबाईंनी त्याला टेबलासमोर बसवलं. बाई स्वभावाने वाईट नव्हत्या. स्वतःच्याच पगारवाढीचा अर्ज दोन वर्षं संचालकांच्या टेबलावर पडलेला, त्यामुळे वाट बघणाऱ्याची त्यांना कीव यायची.

"पेंटरकाका, अर्ज नामंजूर झाला," त्या म्हणाल्या.

"जामीनदार कमी पडले का?"

"नाही हो. तुमची नजर अधू आहे ना. धंदा पुढं चालेल याची खात्री नाही, असा शेरा पडलाय."

"माझी नजर अधू आहे हे यांना कुणी सांगितलं?"

बाईंनी फायलीतलं गुलाबी कार्ड काढून त्याच्यापुढे ठेवलं. "आपल्याच शिबिराचं आहे," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, इथे डोळे दाखवून झालं होतं. पेंटर तसाच उठून अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेला. अध्यक्षसाहेब खुर्चीत होते, समोरचा कागद हाताभर लांब धरून वाचायचा प्रयत्न करत होते. त्यांना जवळचं दिसत नसे, पण चष्मा लावला की माणूस म्हातारा दिसतो असं त्यांचं मत होतं, आणि निवडणूक दर पाच वर्षांनी यायची.

"या, पेंटर. कळलं मला. फार वाईट वाटलं," ते म्हणाले.

"साहेब, डोळ्यांसाठीच तर कर्ज मागतोय."

"अहो, पण नियम आहे. पैसा लोकांचा आहे, माझा असता तर आत्ता काढून दिला असता. तुम्ही असं करा, आधी डोळे नीट करून घ्या. मग बिनधास्त या, कर्जाचं बघू."

साहेब थट्टा करताहेत का, ते पेंटरला त्या धुरकट चेहऱ्यावरून कळेना. थट्टा नव्हती. त्यांनी बेल मारून त्याच्यासाठी चहा मागवला, आणि चहा येईस्तोवर वार्षिक सभेच्या फलकाचं कामही सोपवलं.

या फलकाची एक पद्धत होती. सभेचे विषय पंधरा दिवस आधी लोकांना दिसतील असे लावायचे, हा नियम. म्हणून माणसाच्या उंचीचा पत्र्याचा फलक रंगवून कार्यालयाबाहेर रस्त्यावर उभा करायचा आणि सभेच्या दिवशी तोच उचलून स्टेजच्या कडेला, साहेबांना आणि लोकांना दोघांनाही दिसेल असा तिरका ठेवायचा. अध्यक्ष कागदावरून वाचत नसत. ठसठशीत अक्षरांच्या त्या फलकाकडे लांबून बघत, मान ताठ ठेवून, घडाघडा वाचत. लोकांना वाटायचं, साहेबांना सगळं तोंडपाठ आहे.

त्या संध्याकाळी बायकोने मसुदा वाचून दाखवला. एकूण विषय सात. "चौथा काय आहे माहितीय?" ती म्हणाली. "संचालक मंडळाचा सहकुटुंब अभ्यासदौरा, समुद्रकिनारी, आठ दिवस. सहाय्य निधीतून."

"कसला अभ्यास?"

"लाटांचा असेल. आणि तुमच्या डोळ्यांना पैसे नाहीत." तिने कागद खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचा तिला रागही आला होता. "तुम्ही आंधळे झालात ना, तर हेच लोक पांढरी काठी देतील. तिच्यावर सौजन्य लिहायला दुसरा पेंटर शोधतील."

आंधळेपणाची भीती पेंटरने आजवर तिच्यापुढे बोलून दाखवली नव्हती, आणि आता तिनेच ती बोलून टाकली होती. मग तो म्हणाला, "अगं, फलकावर आठ ओळी मावतील का बघ."

ती उठली, पत्रा पुसला आणि खडूने आठ रेघा मारल्या.

फलक रस्त्यावर लागला. सहाव्या ओळीत ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : 'सभासद पेंटर यांस डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी चाळीस हजार कर्ज देणे.' पहिले दोन दिवस पेंटरला झोप लागली नाही. कुणीतरी वाचेल, बोभाटा होईल, पतपेढी कायमची तोंड फिरवेल. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की कुणीही वाचत नाही. फलकाला सायकली टेकवल्या जात होत्या. एका संचालकाने तर त्याच्या सावलीत उभं राहून अर्धा तास फोनवर गप्पा मारल्या. बावीस वर्षं आपण लिहीत आलो ते असंच न वाचलेलं राहिलं असणार, हे तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं. कामाचे पैसे मिळाले होते, पण त्या पैशांनी हे भरून निघेना.

वाचलं फक्त मॅनेजरबाईंनी, पहिल्याच सकाळी. कुलूप उघडता उघडता त्यांनी फलक वरपासून खालपर्यंत वाचला, मग पुन्हा एकदा सहावी ओळ वाचली, आणि आत जाऊन रोजच्यासारखं काम सुरू केलं.

सभेला तीनशे माणसं. दाराजवळच्या खुर्च्या आधी भरल्या, डब्यांच्या थप्प्या तिथेच होत्या. पेंटर आणि बायको मधल्या रांगेत बसले. पेंटरला स्टेज म्हणजे एक पिवळा डाग दिसत होता आणि त्यात हलणारा पांढरा डाग म्हणजे अध्यक्ष. बायकोने त्याचा हात धरला होता.

"विषय क्रमांक एक, मागील सभेचं इतिवृत्त." साहेब थांबले. मंजूर. "दोन, ताळेबंद." मंजूर. "तीन, हिशेबतपासनीस." मंजूर. चौथ्याला अध्यक्षांनी आवाज जरा खाली घेतला आणि वेग वाढवला. "अभ्यासदौरा." मंजूर. लोकांनी तो 'अभ्यास' इतक्या उत्साहाने मंजूर केला की स्टेजवर दोन संचालक एकमेकांकडे बघून हसले. पाच, मंजूर.

"सहा," अध्यक्ष म्हणाले, "सभासद पेंटर यांस डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी चाळीस हजार..." आणि जीभ अडखळली. असं काही मसुद्यात नव्हतं हे त्यांच्या ध्यानात आलं. ते बोलायचे थांबले.

आणि साहेब थांबले की काय म्हणायचं हे सभागृहाला बावीस वर्षांहून जास्त काळ ठाऊक होतं.

"मंजूर," तीनशे माणसं म्हणाली.

मॅनेजरबाईंनी मान खाली घालून ते लिहून घेतलं. अध्यक्ष त्यांच्याकडे वाकले. माईक चालू होता. "हे काय आहे? हा विषय कुणी घातला?"

"फलकावर आहे, साहेब. नियमाप्रमाणे पंधरा दिवस बाहेर लागला होता."

"खोडा तो."

"सभेनं मंजूर केलाय, साहेब. आता खोडायला फेरमतदान घ्यावं लागेल."

"मग घ्या," अध्यक्ष म्हणाले आणि सभेकडे वळले. "सभासद बंधुभगिनींनो, सहावा विषय नजरचुकीने आला आहे. तुम्ही तो न ऐकता मंजूर केलात. तेव्हा हा ठराव धरता येणार नाही."

संपलं, असं पेंटरला वाटलं. बायकोने हात अजून घट्ट धरला.

तेवढ्यात पुढून तिसऱ्या रांगेतून तो रिटायर्ड पोस्टमन उभा राहिला. "साहेब, न ऐकता म्हटलेलं धरायचं नाही, तर चौथाही पुन्हा घ्या. मी चौथाही ऐकला नव्हता."

"मीही नाही," न्हावी म्हणाला. "काय होता चौथा?"

"फलकावर आहे की, वाचा," कुणीतरी म्हणालं. आणि तीनशे माणसांनी पहिल्यांदा माना उंचावून फलक वाचायला सुरुवात केली. कुणी मोठ्याने वाचत होतं, कुणी शेजाऱ्याला विचारत होतं. 'सहकुटुंब' हा शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

अध्यक्षसाहेबांचं धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं झालं. संचालकांपैकी एक जण घाईघाईने त्यांच्या कानाशी लागला. समुद्रकिनाऱ्यावर खोल्या घेऊन झाल्या होत्या. अध्यक्षांनी घसा साफ केला, चेहऱ्यावर हसू आणलं आणि म्हणाले, "मंडळी, शांत व्हा. पतपेढी आपल्या माणसाच्या पाठीशी नेहमीच उभी राहिलेली आहे. पेंटर हा आपला माणूस आहे. कोणताही ठराव उघडायचं कारण नाही. चौथाही मंजूर आणि सहावाही मंजूर." आणि फोटोग्राफरला त्यांनी हाताने खूण केली.

बायको रडायला लागली. पेंटरला आधी नीट कळेना, मग कळलं. पैसे मिळणार होते. डोळे मिळणार होते. ते कुणाच्या पोटातल्या दयेने नाही, बारा कुटुंबांच्या समुद्रस्नानापायी मिळणार होते. तरी मिळणार होते, आणि तो त्यावर नाक मुरडणार नव्हता.

अध्यक्षांना आता सभा लवकर उरकायची होती. "विषय क्रमांक सात," त्यांनी सुरू केलं, "सालाबादप्रमाणे लाभांशाची निम्मी रक्कम समाजसहाय्य निधीत..." आणि नेहमीसारखे थांबले.

कुणीच काही म्हणालं नाही. दाराजवळची माणसं डबे सोडून स्टेजकडे बघत होती. पेंटरला त्यातलं एकही तोंड दिसत नव्हतं, पण इतकी शांतता त्याने या सभागृहात कधी ऐकली नव्हती.

मग मागून एका बाईचा आवाज आला. "साहेब, हा जरा सावकाश वाचा."